कोर्टाकडे पाठ करून

तीन आठवडे झाले, मी भेटेल त्याला बोचिया नावाच्या खेळाबद्दल सांगत सुटले आहे. भाजीवाल्या आजींना सांगून झालं, बँकेत पासबुक भरायला गेले तर तिथल्या शिपायाला सांगून झालं, पुण्याच्या जाऊबाईंना तर फोनवर चांगला पाऊण तास सांगितलं. आता तुमची पाळी. हे मला पन्नाशी उलटून गेल्यावर कळलं आणि इतक्या उशिरा कळलं याचा इतका राग येतो, की निदान तुम्हाला तरी आज कळू दे!

माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे. जन्माच्या वेळी मेंदूला इजा झाली. ती इजा वाढत नाही, पण स्नायूंनी ऐकायचं ते ऐकत नाहीत. मनगटं आत वळलेली, बोटं मिटलेली, चाकाची खुर्ची. बोलतो, पण एकेक शब्द विहिरीतून पाणी शेंदावं तसा वर काढतो. बुद्धी लख्ख आहे. कुठल्या कसोटीत कुणी किती धावा केल्या ते त्याला विचारावं. आम्ही घरचे सगळे त्याच्यावर जीव टाकतो, आणि जीव टाकतो म्हणूनच त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत आम्ही ते पुरं करतो. तो ‘पा’ म्हणाला की मी पाण्याचा पेला पुढे करते. त्याला पापड हवा होता की पाऊस दाखवायचा होता, हे विचारायला कुणी थांबत नाही.

गेल्या वर्षी त्याची शाळा संपली. कायदाच तिथवर जातो. २०१६च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले आणि ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्या मुलांना ६ ते १८ या वयात मोफत शिक्षणाचा हक्क दिला, हे मोठंच काम झालं. पण अठरावं सरलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डबा नाही, दप्तर नाही, रिक्षावाल्या काकांचा हॉर्न नाही. पोरगा वर्षभर खिडकीत बसून होता. बहीण भांडी घासताना मध्येच थांबून त्याच्याकडे बघायची. त्या बघण्याबद्दल मी इथे लिहीत नाही.

मग त्याच्या फिजिओथेरपीच्या ताई म्हणाल्या, “रविवारी सांगलीच्या विश्रामबागेत या. मंगल कार्यालयाचा खालचा हॉल आहे. मुलं खेळतात.”

मला खरं तर जायचं नव्हतं. असे कार्यक्रम आम्ही खूप पाहिलेत. ३ डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनाला, एका ठिकाणी या मुलांना दोन तास उन्हात बसवून ठेवलं होतं. पाहुणे आले, शाल, नारळ, भाषण, मग प्रत्येकाच्या मांडीवर दोन केळी आणि एक सफरचंद ठेवून फोटो. माझ्या भाच्याला केळं सोलता येत नाही, ते सोलून द्यायला कुणी थांबलं नाही. म्हणून बहिणीला मी म्हटलं, तू आराम कर, मीच घेऊन जाते, तासाभरात परत येतो.

आम्ही परतलो तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते.

हॉलमध्ये शिरलो तर फळं नाहीत, स्टेज नाही, माईक नाही. गुळगुळीत फरशीवर पांढऱ्या चिकटपट्टीने एक लांबलचक चौकोन आखलेला. पुढे कळलं की तो १२.५ मीटर लांब आणि ६ मीटर रुंद असतो. त्याच्या एका टोकाला सहा खोकी आखलेली, प्रत्येक खोक्यात एक खुर्ची. बऱ्याचशा चाकाच्या, दोन प्लॅस्टिकच्या. आणि आवाज! कुणी ओरडतंय, कुणी खिदळतंय, कुणी पंचांशी भांडतंय. ही मुलं भांडत होती हो! अंतर मोजा, मोजा म्हणून अडून बसली होती. मोजपट्टी घेऊन एक निवृत्त क्रीडाशिक्षक गुडघ्यावर बसले होते आणि त्या पोरांना खेळाडूंशी बोलावं तसं दटावत होते. “मोजून झालंय. निळा जवळ आहे. पुढे चला.” दटावणं ऐकून इतकं बरं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

खेळ असा. एक पांढरा चेंडू, सहा लाल, सहा निळे. चेंडू मऊ चामड्याचा, आत प्लॅस्टिकचे बारीक दाणे, वजन साधारण २७५ ग्रॅम, म्हणजे पाव किलोहून थोडं जास्त. हातात घेतला की बसतो, टाकला की फार घरंगळत नाही. आधी पांढरा टाकायचा. मग तुमचे सहा चेंडू त्या पांढऱ्याच्या जितके जवळ नेता येतील तितके न्यायचे. पहिल्या दोन टाकींनंतर ज्याचा चेंडू लांब असेल त्याची पाळी, तो जवळ जाईपर्यंत किंवा त्याचे चेंडू संपेपर्यंत. शेवटी समोरच्याच्या सगळ्यांत जवळच्या चेंडूपेक्षा तुमचे जितके चेंडू जवळ, तितके गुण. संपलं. आपण गोट्या खेळलोय, आपल्याला हे रक्तातूनच कळतं. समोरच्याचा चेंडू उडवता येतो, आपलाच चेंडू हळूच ढकलून पुढे सरकवता येतो, वाट अडवून ठेवता येते, आणि खेळ उलटायला लागला तर सरळ पांढऱ्यालाच धक्का मारून दुसरीकडे नेता येतं! बाजूला उभं राहून मला पहिल्या दहा मिनिटांत दिसलं, की हा हाताचा खेळ वाटतो तितका हाताचा नाही. डोकं लागतं. बुद्धिबळासारखं दोन चाली पुढचं डोकं.

पांढऱ्या चेंडूला नियमात ‘जॅक’ म्हणतात. पण मंगल कार्यालयात खेळणाऱ्या पोरांनी त्याचं नाव ठेवलंय नवरदेव. तो धक्का लागून पट्टीबाहेर गेला की मधल्या फुलीवर परत आणून ठेवायचा असतो. मग अख्खा हॉल एका सुरात ओरडतो, “बोहल्यावर आणा, बोहल्यावर आणा!” हे मी ऐकलं आणि मला तिथून हलवेना.

आता एक सांगायला हवं. दिव्यांगांचे खेळ मला अगदीच नवे नव्हते. आम्ही सांगली जिल्ह्यातले. पेठचे मुरलीकांत पेटकर आमचे. १९६५च्या युद्धात गोळ्या लागलेला हा जवान १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्गला पोहला आणि भारताला पॅरालिम्पिकमधलं पहिलं सुवर्णपदक त्याने आणलं. आटपाडी तालुक्यातल्या करगणीचा सचिन खिलारी आमचा, २०२४ला पॅरिसमध्ये गोळाफेकीत रौप्यपदक घेऊन आला. या दोघांची नावं माझ्या भाच्यालाही पाठ आहेत. पण मनात कायम एक होतं, की पेटकरांच्या खांद्यांत ताकद होती, खिलारीच्या एका हातात तरी ताकद आहे. ज्याची मूठच उघडत नाही त्याने काय खेळायचं? त्याने बघायचं, टाळ्या वाजवायच्या, आणि टाळ्याही त्याला वाजवता येत नाहीत. या प्रश्नाला उत्तर नाही असं मी धरूनच चालले होते. आणि उत्तर १९८४ पासून होतं! १९८४ साली न्यूयॉर्कच्या स्पर्धेत बोचिया पॅरालिम्पिकमध्ये आला, तोच मुळी सेरेब्रल पाल्सीच्या खेळाडूंसाठी. ऑलिम्पिकमध्ये याचा जोडीदार खेळ नाही. धडधाकटांचा खेळ घेऊन तो सोपा केला, असं इथे झालेलं नाही. खेळ यांचाच आहे.

यात गट असतात. हाताने किंवा पायाने चेंडू टाकू शकणारे, सेरेब्रल पाल्सीचे, ते पहिल्या दोन गटांत. मेंदूखेरीज दुसऱ्या कारणाने हातपाय दुबळे झालेले, म्हणजे स्नायूंचा क्षय होणारे वगैरे, चौथ्या गटात. त्या हॉलमध्ये एक मुलगा पायाच्या पंजाने चेंडू इतका नेमका सरकवत होता, की मी त्याच्या आईला विचारलं, किती वर्षं शिकतोय? त्या म्हणाल्या, दिवाळीपासून. आणि तिसरा गट, बीसी-३. ज्यांना हातपाय कशानेच चेंडू टाकता येत नाही, त्यांचा.

हाच माझ्या भाच्याचा गट, आणि याच्यासाठीच मी हे सगळं लिहायला बसले आहे.

या खेळाडूंना चेंडू सोडायला एक उतार मिळतो. स्पर्धेतले उतार महागडे असतात. विश्रामबागेत त्या क्रीडाशिक्षक सरांनी छपराच्या पावसाळी पाण्याची पीव्हीसीची पन्हळ कापून, लाकडी घोड्यावर बसवून तो केला आहे, आणि सगळे त्याला पन्हळच म्हणतात. चेंडू पन्हळीत जितका वर ठेवाल तितका वेग, पन्हळ जिकडे वळवाल तिकडे दिशा. खेळाडूच्या डोक्याला पट्ट्याने एक काठी बांधतात, चेंडू तिच्या टोकाने अडवून धरायचा आणि मान हलवली की तो सुटतो. चेंडूला शेवटचा स्पर्श खेळाडूचाच हवा. पण पन्हळ वळवणार कोण? चेंडू उचलून ठेवणार कोण? त्यासाठी एक सहायक असतो. आणि हा सहायक कोर्टाकडे पाठ करून बसतो.

परत वाचा. कोर्टाकडे पाठ करून! त्याला वळून बघायची परवानगी नाही. नवरदेव कुठे पडलाय, समोरच्याने वाट कुठे अडवलीय, चेंडू चुकला की लागला, त्याला काहीही दिसत नाही. तो सुचवू शकत नाही, खुणावू शकत नाही. वळून बघितलं तर तो दोष धरतात आणि दंड खेळाडूच्या पदरी पडतो. तो फक्त खेळाडूच्या तोंडाकडे बघतो आणि तो सांगेल तेवढंच करतो. आयुष्यभर ज्यांच्या वतीने इतरांनी ठरवलं, त्यांच्यासाठी कुणीतरी बसून हा नियम लिहिला. कुणी लिहिला मला माहीत नाही, भेटला तर मी त्याचे पाय धरीन.

सर म्हणाले, “मावशी, तुम्हीच बसा ना आज पन्हळीपाशी.”

मी बसले. भाच्याच्या समोर, अगदी हाताच्या अंतरावर, कोर्टाकडे पाठ करून. त्याच्या डोक्याला काठी बांधली होती, लाल चेंडू त्याच्याकडे होते. तो म्हणाला, “डा...” आणि मी पन्हळ डावीकडे सरकवली. भरपूर सरकवली. त्याला काय म्हणायचंय ते मला कळतंच ना! चेंडू गडगडत गेला आणि कुणीतरी मागून ‘अरे रे’ केलं.

सर शांतपणे म्हणाले, “मावशी, तो ‘थोडं डावीकडे’ म्हणणार होता. तुम्ही ‘थोडं’ ऐकायला थांबला नाहीत.”

आणि भाचा माझ्यावर रागावला. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. त्याच्या मानेच्या शिरा ताणल्या, चेहरा लाल झाला, आणि शब्द एकेक करून आले: “माव...शी. मी. सांग...तो.”

मी हात मांडीवर ठेवले आणि थांबले.

हे थांबणं तुम्हाला कसं सांगू? बीसी-३च्या एकेरी सामन्यात प्रत्येक फेरीला खेळाडूला ६ मिनिटं मिळतात, सगळ्यांत जास्त, कारण त्याला सांगायला वेळ लागतो हे खेळाने धरलेलंच आहे. त्या सहा मिनिटांत त्याला कुणी घाई करायची नाही. मला छताच्या पंख्याची कुरकुर ऐकू येत होती. बाहेर कुणीतरी मांडवाच्या खुर्च्या एकावर एक रचत होतं. भाचा माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत होता आणि त्याच्या डोळ्यांत मी कधीही न पाहिलेलं काहीतरी चाललं होतं. तो हिशेब करत होता. मग तोंड उघडलं. “थोडं... डावी... कडे.” मी बोटभर सरकवली. “अजून.” अर्धं बोट. “बास.” मी चेंडू ठेवला. “वर.” वर घेतला. “खाली. थो...डं.” घेतला. “बास.” मग त्याने काठी टेकवली, आणि मला वाटलं आता सोडेल, तर नाही, तो थांबला. पुन्हा बघितलं. “उजवी... कडे. केस...भर.”

केसभर! हा शब्द आमच्या घरात त्याच्या तोंडून कुणी कधी ऐकला नव्हता. कारण ‘उ’ म्हटल्यावर आम्ही त्याला उचलून कुठेतरी नेलेलं असायचं.

मान हलली. पन्हळ माझ्या हाताखाली थरथरली, चेंडू घरघरत खाली गेला आणि माझ्या पाठीमागे कुठेतरी नाहीसा झाला. मग काहीच नाही. मग ‘थप्’ असा एक आवाज, चामड्यावर चामडं. आणि मग हॉल फुटला! लोक ओरडत होते, कुणी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर ताल धरला, आणि मी वळू शकत नव्हते. फेरी संपेपर्यंत वळायचं नाही. मी फक्त त्याचा चेहरा बघत होते. चेंडू कुठे पडला ते मी माझ्या भाच्याच्या चेहऱ्यावर वाचलं. फेरी संपली, सर म्हणाले, “वळा आता, मावशी,” तेव्हा बघितलं. लाल चेंडू दोन निळ्यांच्या फटीतून जाऊन नवरदेवाला खेटून बसला होता. ती फट मला दिसत असती तर मी त्याला तिथून टाकूच दिला नसता. म्हटलं असतं, सोन्या, तिथून नको, बाजूने टाक.

त्या रात्री मी एकपर्यंत जागून या खेळाबद्दल मिळेल ते वाचलं. दक्षिण कोरियाने १९८८च्या सोलपासून २०२४च्या पॅरिसपर्यंत प्रत्येक पॅरालिम्पिकमध्ये बोचियात सुवर्ण जिंकलंय, एकही स्पर्धा न चुकता. ग्रीसचा ग्रिगोरिओस पोलिख्रोनिदिस बीसी-३मधला मोठा खेळाडू, पॅरालिम्पिक पदकं मिळवलेला, आणि त्याची सहायक म्हणून त्याची बायको बसते. त्यांचे सामने बघा. ती पाठ करून बसलेली असते आणि तिची नजर त्याच्या चेहऱ्यावरून हलत नाही. दोन टाकींच्या मध्ये उतार दोन्ही बाजूंना हलवून आधीची दिशा मोडावी लागते, म्हणजे मागची चाल तशीच्या तशी गिरवता येत नाही, प्रत्येक वेळी खेळाडूने नव्याने सांगायचं. किती विचार केलाय या लोकांनी! उतारावर नेम धरायचं कसलंही यंत्र चालत नाही. नेम त्याच्या डोळ्यांत.

दुसऱ्या दिवशी जेवताना भाचा ‘भा’ म्हणाला. भाताची वाटी माझ्या हातात होती. मी ती खाली ठेवली. बहीण माझ्याकडे बघायला लागली. आम्ही दोघी थांबलो. भाकरी हवी होती त्याला. कित्येक वर्षं तो भात खातोय.

विश्रामबागेचं हे काम चालतं कसं, तेही सांगते, कारण मला पहिल्यांदा वाटलं होतं की मागे मोठी संस्था असणार. तशी काही नाही. हॉल फुकट मिळतो, पण लग्नाची तिथी नसेल त्याच रविवारी. म्हणून सर वर्षाच्या सुरुवातीला पंचांग घेऊन बसतात आणि मोकळे रविवार काढून ठेवतात. चातुर्मास म्हणजे यांचा भर हंगाम! स्पर्धेचा चेंडूंचा एकच संच आहे, तो जपून वापरतात. सरावाला जुन्या मोज्यांत तांदूळ भरून, वर दुसरा मोजा चढवून शिवलेले चेंडू आहेत, आयांनी केलेले. पायऱ्यांवर टाकायला प्लायवूडची फळी. कॉलेजची राष्ट्रीय सेवा योजनेची मुलं खुर्च्या उतरवतात, पंचगिरी करतात, आणि आता तर स्वतःही खुर्चीत बसून खेळतात आणि हरतात. स्नायूंच्या आजाराची एक मुलगी आहे, अकरावीतली, तिने यातल्या दोघांना सलग हरवलं आणि मग त्यांना त्यांच्या चुका समजावून सांगितल्या. ती बोलत होती, ते दोघे मान डोलवत ऐकत होते. मी हे सगळं माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

माझा भाचा अजून एकही सामना जिंकलेला नाही. तीन रविवारांत सहा सामने, सहा हार. शेवटच्या वेळी एका गुणाने हरला तेव्हा घरी येईपर्यंत बोलला नाही, आणि मग दारात म्हणाला, “पन्...हळ. घरी. हवी.” आम्ही दोघी त्याचं वाक्य संपेपर्यंत उंबऱ्यात उभ्या होतो. बुधवारी हार्डवेअरच्या दुकानातून पन्हळ आणली. बैठकीतला दिवाण हलवला, फरशीवर चिकटपट्टी मारली. पूर्ण कोर्ट मावत नाही, निम्मं मावतं.

तुमच्या गावात मंगल कार्यालय असेलच. शाळेचा व्हरांडा असेल, समाजमंदिर असेल. गुळगुळीत जमीन, एक पन्हळ, मोज्यांचे तेरा चेंडू, चिकटपट्टीची दोन रिळं. आणि खिडकीत बसलेला एखादा मुलगा किंवा मुलगी तुमच्या गल्लीत आहेच, तुम्हाला ते घर माहीत आहे. त्या घरी जा. पन्हळीपाशी कोर्टाकडे पाठ करून बसायला माणूस लागतो, तो तुम्ही व्हा. आणि सांगलीकडे आलात तर विश्रामबागेत जरूर या. येत्या रविवारी तिथी नाही, मी पंचांग बघून ठेवलंय.